सागरी तेलगळतीनंतरचा जनक्षोभ आणि राजकीय दोषारोप

समुद्रातील तेलविहीर, तेलवाहिनी किंवा अपघातग्रस्त जहाज यांतून मोठ्या प्रमाणावर तेल पाण्यात गेल्यावर किनाऱ्यावरच्या लोकांचा संताप उसळतो. त्यापाठोपाठ कंपन्या, सरकारी खाती आणि राजकीय पक्ष एकमेकांवर खापर फोडू लागतात. या सगळ्या घडामोडीला उद्देशून ही संज्ञा वापरली आहे. प्रस्तुत नोंद नागपूरच्या संदर्भात लिहिली आहे. नागपूरला समुद्र नाही, पण प्रदूषणाचे मोजमाप करून न्यायालयांपुढे ठेवणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, नागपुरात आहे. हिवाळी अधिवेशन भरले की कोकणातल्या मच्छीमारांचे गाऱ्हाणेही इथल्याच विधानभवनात येते.

या क्षोभाचे मूळ विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. दुष्काळी सवलती मिळणार की नाही हे आपल्याकडे वर्षानुवर्षे पैसेवारीवर, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले याच्या सरकारी आकड्यावर, ठरत आले. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. ५० पैशांच्या वर गाव गेले की शेतात काय उभे आहे याला किंमत उरत नाही, आणि म्हणून शेतकऱ्याचा राग पावसापेक्षा तहसील कचेरीवर जास्त निघतो. तेलगळतीतही तसेच होते. अपघात होतो त्या दिवशी लोक घाबरतात, हळहळतात. संताप पेटतो तो किती तेल सांडले याचा पहिला सरकारी किंवा कंपनीचा आकडा येतो आणि तो डोळ्यांना दिसणाऱ्या तवंगाशी जुळत नाही तेव्हा.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मेक्सिकोच्या आखातातले आहे. २० एप्रिल २०१० रोजी अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर ‘डीपवॉटर होरायझन’ या खोदकाम तराफ्यावर स्फोट झाला, ११ कामगार गेले. खालची मकोंडो विहीर सुमारे दीड हजार मीटर खोल पाण्यात होती आणि ती ८७ दिवस वाहत राहिली. सुरुवातीला सांगितले गेले, दिवसाला १,००० बॅरल. चार दिवसांनी आकडा ५,००० झाला आणि पुढे कित्येक आठवडे तोच चालवला गेला. मे महिन्यात विहिरीच्या तोंडाचे चित्रण लोकांपुढे आले, तेव्हा बाहेरच्या अभियंत्यांनी प्रवाहाचा वेग मोजून याच्या कितीतरी पट आकडे मांडले. शेवटचा सरकारी अंदाज होता सुरुवातीला दिवसाला ६२,००० बॅरल, एकूण सुमारे ४९ लाख. बॅरल १५९ लिटरचा धरला तर हे जवळपास ७८ कोटी लिटर होते.

हा वाद शास्त्रज्ञांपुरता राहिला नाही, कारण अमेरिकेच्या कायद्यात दंड बॅरलमागे आहे. तेव्हा साधी चूक असेल तर बॅरलला १,१०० डॉलर, घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ४,३०० डॉलरपर्यंत. म्हणजे आकड्यात न धरलेल्या प्रत्येक बॅरलची किंमत कंपनीच्या खिशात राहते. खटल्यात, विहिरीच्या तोंडाशीच गोळा केलेले तेल वगळून, सरकारने ४१.९ लाख बॅरल सांगितले, विहीर चालवणाऱ्या बीपी कंपनीने २४.५ लाख, न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी जानेवारी २०१५ मध्ये ३१.९ लाख धरले. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी दोषाची वाटणी केली होती : बीपी ६७ टक्के, तराफ्याची मालक ट्रान्सओशन ३० टक्के, सिमेंटचे काम केलेली हॅलिबर्टन ३ टक्के. या तिन्ही कंपन्यांचे अधिकारी ११ मे २०१० रोजी सिनेटच्या समितीपुढे एकमेकांकडे बोट दाखवत बसले होते, तेव्हा विहीर वाहतच होती. अमेरिकेतल्या लोकांच्या मनातून बीपी तेव्हा जी उतरली, ती ३० मे रोजी आणखी खाली गेली. बीपीचे प्रमुख टोनी हेवर्ड त्या दिवशी म्हणाले की मला माझे आयुष्य परत हवे आहे. ११ घरांत माणूस परत येणार नव्हता. हेवर्ड यांना माफी मागावी लागली.

राजकीय दोषारोपही एकाच बाजूने झाला नाही. अमेरिकेचे खनिज खाते तेलाचे स्वामित्वशुल्क वसूल करत होते आणि सुरक्षेवर देखरेखही तेच करत होते. एकाच हाताने पैसे घ्यायचे आणि त्याच हाताने आवर घालायचा, ही व्यवस्था जुनी होती, दोन्ही पक्षांच्या काळात चाललेली. गळतीनंतर खात्याच्या प्रमुखांनी पद सोडले आणि खात्याची फोड झाली. ओबामा सरकारने बीपीकडून २० अब्ज डॉलरचा भरपाई निधी कबूल करून घेतला. दुसऱ्याच दिवशी रिपब्लिकन खासदार जो बार्टन यांनी या ‘वसुली’बद्दल बीपीची माफी मागितली. आपल्याच पक्षाच्या दबावाखाली त्याच दिवशी त्यांना ते शब्द मागे घ्यावे लागले.

सरकारचा हात अडकलेला असणे हे तर जुनेच. २८ जानेवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळ युनियन ऑइलची विहीर फुटली. तिला नियमापेक्षा आखूड संरक्षक नळी बसवायला सरकारी विभागानेच सूट दिली होती. तेथील लोकांनी आंदोलन उभे केले आणि पुढच्या जानेवारीत राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली. ‘टॉरी कॅनियन’ या टँकरच्या गळतीनंतर (१९६७) जहाजमालकाच्या दायित्वाचा आंतरराष्ट्रीय करार आला, ‘एक्सॉन व्हाल्डीज’नंतर (१९८९) अमेरिकेचा १९९० चा तेलप्रदूषण कायदा आला. स्पेनमध्ये ‘प्रेस्टीज’नंतर (२००२) गॅलिशियातले लोक ‘पुन्हा कधीच नाही’ म्हणत रस्त्यावर आले. ऑगस्ट २०२० मध्ये मॉरिशसमध्ये ‘वाकाशियो’ जहाजातले तेल अडवायला लोकांनी उसाचे पाचट आणि स्वतःचे केससुद्धा दिले, आणि महिनाअखेरीस हजारोंनी मोर्चा काढून सरकारला जाब विचारला.

महाराष्ट्राच्या वाट्याला हे दोनदा लागोपाठच्या वर्षी आले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडले, शेकडो कंटेनर पाण्यात गेले. उरण आणि अलिबागकडच्या खाड्यांत तिवरे काळी पडली. नारळी पौर्णिमेला जेमतेम अडीच आठवडे उरले होते. बंद मोसम संपून होड्या दर्यावर जाण्याचे, वर्षाची पहिली म्हावऱ्याची विक्री होण्याचे हे दिवस. मासे खाऊ नका असा इशारा फिरला आणि ज्याच्या जाळ्याला तेलाचा थेंबही लागला नव्हता त्याचाही माल कोणी घेईना. तेलाने झालेले नुकसान मोजता येते. गिऱ्हाइकाच्या मनातल्या भीतीने झालेल्या नुकसानाचा पंचनामा कोण करणार? मच्छीमारांचा खरा राग या प्रश्नात आहे, आणि भरपाईच्या कोष्टकात त्याला अजूनही नीट रकाना नाही. पुढच्या वर्षी ४ ऑगस्टला ‘एमव्ही राक’ हे कोळशाचे जहाज मुंबईसमोर बुडाले. ६० हजार टन कोळसा, शिवाय सुमारे ३४० टन इंधन. नारळी पौर्णिमा या वेळी नऊ दिवसांवर होती. राष्ट्रीय हरित लवादाने जहाजमालकाला १०० कोटी आणि कोळशाच्या मालक कंपनीला ५ कोटी भरण्याचा आदेश दिला, तो ऑगस्ट २०१६ मध्ये. पाच वर्षांनी.

भारतात खापर फोडायला डोके सापडत नाही, याला व्यवस्थाही कारणीभूत आहे. भर समुद्रातल्या तवंगाची जबाबदारी तटरक्षक दलाची, बंदराच्या हद्दीत बंदराची, किनाऱ्यावर राज्याची आणि प्रदूषण मंडळाची, जहाजाच्या योग्यतेची नौवहन महासंचालनालयाची. जहाजाचा झेंडा पनामाचा, मालक तिसऱ्याच देशातला. पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे, पण समुद्रातल्या तेलफलाटांच्या सुरक्षेचे नियम पाहणारी यंत्रणा वेगळी, तेल उद्योग सुरक्षा संचालनालय. तवंगाला हद्द कळत नाही, फायलीला कळते. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा बंदर प्रशासनाने आधी गळती झालीच नसल्याचे सांगितले. नंतर माणसे बादल्यांनी तेल उपसताना साऱ्या देशाने पाहिली.

म्हणूनच मोजणारा कोण, हा प्रश्न महत्त्वाचा. तवंगाच्या रंगावरून जाडी कळते. इंद्रधनुषी तवंग साधारण ०.३ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि एक चौरस किलोमीटरवर एक मायक्रॉन म्हणजे एक हजार लिटर तेल. नमुना घ्यायचा तो गडद काचेच्या बाटलीत, कारण तेल प्लास्टिकला चिकटते आणि उजेडाने बदलते. बाटली थंड ठेवायची, तिच्यावर ठिकाण, वेळ आणि घेणाऱ्याची सही. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने, त्या तेलाची घडण काढून संशयित जहाजाच्या टाकीतल्या तेलाशी ताडून पाहतात. तेलातली होपेनसारखी संयुगे लाटांत आणि उन्हातही बराच काळ टिकतात, ती बोटांच्या ठशासारखी कामी येतात. ही बाटली पहिल्या दोन दिवसांत भरली गेली नाही, तर नंतर विधानसभेत कितीही आवाज चढला तरी खटल्याला पाया मिळत नाही. दर पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे डांबराचे गोळे कोणाचे, यावरचा वादही असाच लोंबकळत राहतो.

नीरीची स्थापना १९५८ मध्ये झाली, आजचे नाव १९७४ पासून. तेलगळतीत नव्हे, पण राजस्थानातल्या बिछडी गावात तिच्या मोजणीचे मोल दिसले. तिथे रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी नासले होते. दुरुस्तीला सुमारे ३७ कोटी रुपये लागतील असे नीरीने मांडले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च भरावा हे तत्त्व त्या खटल्यात लावले. पुढच्या तेलगळतीच्या दाव्यांतही हेच तत्त्व आधाराला आले.

२०१० च्या जूनमध्ये आखातातली विहीर वाहत असतानाच, ७ तारखेला, भोपाळ वायुकांडाचा निकाल लागला. हयात असलेल्या सात आरोपींना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीन मिळाला. अमेरिका एका विहिरीसाठी २० अब्ज डॉलर मागते आणि भोपाळसाठी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड होते, ही तुलना तेव्हा देशभर झाली आणि ती रास्त होती. त्याच वर्षी नीरी आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेच्या पाहणीत कारखान्याच्या आवारातली सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचे निघाले. २०११ मध्ये तिथला साडेतीनशे टनांच्या आसपास विषारी कचरा नागपूरजवळ बोरखेडीच्या संरक्षण संशोधन केंद्राच्या भट्टीत जाळायचे ठरले. नागपूरकरांनी विरोध केला, प्रकरण नागपूर खंडपीठात गेले, राज्य सरकारनेही नकार दिला. तो कचरा अखेर मध्य प्रदेशातच पिथमपूरला, तिथल्या लोकांचा विरोध असतानाही, जून २०२५ अखेर जाळून संपला. ११ लाख टन माती त्या कचऱ्यात धरलेली नव्हती.