मुलांना घरी शिकवायचे आणि नोकरीही करायची: ही ओढाताण आली कुठून?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवणाऱ्या आईबापांना बाहेरचे लोक अभ्यासक्रमाबद्दल विचारतात. घरात मात्र सगळ्यात आधी बोलणे होते ते नोकरीचे. दोघांपैकी एकाने काम सोडायचे का? सोडणे परवडत नसेल, किंवा घरात कमावणारे माणूसच एक असेल, तर होमस्कूलिंगचा विचार डोक्यातून काढून टाकायचा का? यावरची चर्चा बहुतेक वेळा वेळापत्रकावर येऊन थांबते आणि ते बसले नाही की दोष स्वतःकडे घेतला जातो, बहुतेक वेळा आईकडून. हे मला अन्यायाचे वाटते. गेल्या दोनशे वर्षांत काम आणि मुले दोघांनाही घराबाहेर नेणारी जी व्यवस्था उभी राहिली, तिच्यात ही ओढाताण आधीपासूनच आहे.

घर हेच कामाचे ठिकाण होते तोवर शिकवण्यासाठी कामावरून वेळ काढावा लागत नसे. स्वीडनचे उदाहरण यात फार बोलके आहे. तिथल्या १६८६ च्या चर्चविषयक कायद्याने वाचता येणे ही प्रत्येकाची जबाबदारी ठरवली आणि शिकवण्याचा भार कुटुंबावर टाकला. पाद्री घरोघरच्या माणसांची ठराविक काळाने तोंडी परीक्षा घेई. शेती, सूतकताई, गुरेढोरे सांभाळत आईबापांनी मुलांना वाचायला शिकवले आणि गावोगाव शाळा काढण्याचा कायदा १८४२ साली आला तेव्हा देशातली बहुतेक माणसे आधीच वाचू शकत होती. लिहिणे मात्र फार थोड्यांना येत असे, कारण परीक्षा वाचनाची होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४२ साली असेच बंधन आईबापांवर घातले, आणि ज्यांच्याकडे मुले काम शिकायला राहत त्या मालकांवरही. इंग्लंडमध्ये खेड्यापाड्यांत बायका आपल्या स्वयंपाकघरात शेजारपाजारची मुले जमवून, हातातले विणकाम चालू ठेवत अक्षरे गिरवून घेत. त्यांना चार पैसे मिळत आणि मुलांच्या आयांना कामाला जाता येई. या घरगुती शाळांचा दर्जा अनेकदा सुमार होता, हे खरेच. पण मुले सांभाळणे, शिकवणे आणि कमावणे ही तिन्ही कामे तिथे एकाच खोलीत चालत.

गिरण्या आल्या आणि ही खोली फुटली. सुरुवातीला मुलेही आईबापांच्या मागोमाग गिरणीतच गेली. ब्रिटनच्या १८३३ च्या कारखाना कायद्याने ९ ते १३ वयाच्या मुलांच्या कामावर दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली आणि त्यांना रोज २ तास शिकवलेच पाहिजे असे ठरवले. १८४४ च्या कायद्याने अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा अशी पद्धत आणली. ती पुढे पाऊण शतक टिकली. १९१८ च्या शिक्षण कायद्याने ती मोडीत काढली. आज त्या कायद्यांतली क्रूरता आधी डोळ्यांत भरते, आणि ती भरायलाच हवी. पण त्यातला आणखी एक तपशील आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. शिकवण्याचे तास तेव्हा थोडेच धरलेले होते. मुलांचा बाकीचा दिवस कुणाच्या नजरेखाली जाणार, याचे उत्तर होते गिरणी.

मुलांना गिरणीतून बाहेर काढणे ही एकोणिसाव्या शतकाची मोठी कमाई. मात्र मोठी माणसे आतच राहिली, त्यामुळे मुलांचा दिवस रिकामा झाला आणि तो शाळेने भरला. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात सक्तीच्या शिक्षणाचा फतवा १७६३ सालीच निघाला होता. मॅसॅच्युसेट्सने १८५२ साली हजेरी सक्तीची केली, इंग्लंडने १८८० साली ५ ते १० वयाच्या मुलांसाठी. इंग्लंडमधल्या कामगार वस्त्यांत तोवर थोरल्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहत, म्हणून आयांना कामावर जाता येई. हजेरी घेणारे अधिकारी दारात येऊ लागले तेव्हा पहिला खटका उडाला तो याच मुलींवरून. पुढे १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी ८ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा ठरवला. मोठ्यांचा दिवस कारखान्यात, मुलांचा शाळेत, अशी जोडी बसली. तीसुद्धा पुरती कधीच जुळली नाही, कारण शाळा लवकर सुटते आणि सुट्ट्या लांबलचक असतात.

या जोडीमुळे शिकवणे आणि सांभाळणे ही दोन कामे एकाच इमारतीत इतकी एकजीव झाली की ती दोन आहेत याचाच विसर पडला. घरी शिकवू पाहणाऱ्या नोकरदार आईबापांवर ही दोन्ही कामे एकदम येतात. त्यांतले शिकवणे तुलनेने लहान आहे. कठीण आहे ते दिवसभर कुणीतरी जवळ असणे.

शाळेच्या काळातही ज्यांनी घरी शिकवणे चालू ठेवले त्यांचा अनुभव हेच सांगतो. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन यांनी १८९१ पासून टपालाने धडे पाठवून घरी शिकणाऱ्या मुलांची शाळा चालवली. लहान मुलांचे पाठ १५-२० मिनिटांचे असावेत आणि दुपारपर्यंत अभ्यास संपावा, असा त्यांचा आग्रह होता. पण त्यांच्याकडे आलेल्या अनेक घरांत शिकवायला पगारी बाई असे; नोकरीचा पेच तिथे उद्भवतच नव्हता. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ पासून घरी शिकवण्याचे तयार साहित्य टपालाने द्यायला सुरुवात केली. परदेशी राहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि मिशनऱ्यांच्या कुटुंबांना त्याचा मोठा आधार झाला.

मला सगळ्यात जवळचे वाटते ते ऑस्ट्रेलियाचे उदाहरण. तिथल्या ओसाड अंतर्भागात शेकडो किलोमीटर शाळा नाही. विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांसाठी उभारलेल्या रेडिओच्या जाळ्यावर मुलांना वर्ग भरवता येतील, ही कल्पना ॲडलेड मीथ्के यांनी लावून धरली आणि १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्जमध्ये आकाशवर्ग सुरू झाले. रेडिओवरचा पाठ अर्ध्या तासाचा. बाकी सगळे टपालाने आलेल्या वह्या-पुस्तकांतून घरी करायचे, आणि ते करून घेणार कोण? गुरांच्या विस्तीर्ण कुरणांचा हिशेब, कामगारांचे जेवण, रेडिओवरचे निरोप हे सगळे पाहणारी तीच बाई. शिक्षक दूर होता, अभ्यासक्रम तयार होता, तपासणीची सोय होती. तरी मुलांजवळ बसणारे माणूस घरातूनच लागले. ज्यांना जमे ते त्यासाठी पगारी शिकवणारी ठेवत. आजच्या ऑनलाइन वर्गांबद्दल आपण जे शिकलो, ते या बायकांना सत्तर वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

कायद्यांनी या प्रश्नाकडे जवळजवळ पाहिलेच नाही. फ्रान्सच्या १८८२ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचे केले, पण घरी शिकवण्याची मुभा ठेवली. २०२१ च्या कायद्याने तिथे आता आधी परवानगी लागते. इंग्लंडच्या १९४४ च्या कायद्याने शाळेत ‘किंवा अन्य रीतीने’ शिकवण्याची वाट उघडी ठेवली. जर्मनीने ती बंद केली, आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००६ साली तिथल्या एका कुटुंबाची तक्रार दाखल करून घेण्यास नकार दिला. मुभा आहे की नाही यावर एवढी झुंज झाली, पण मुभा मिळाल्यावर त्या घराने पोट कसे भरायचे, यावर या कायद्यांत काही नाही.

होमस्कूलिंगची आजची चळवळ १९७० च्या दशकातली. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ साली घरी शिकवणाऱ्यांसाठी नियतकालिक सुरू केले, त्याच वर्षी ब्रिटनमध्येही अशा पालकांची संघटना उभी राहिली. १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले. चळवळ धीराची होती, त्यात शंका नाही. तिच्यामागे मात्र एक गृहीतक राहिले, आणि ते आकड्यांत दिसते. अमेरिकी सरकारच्या १९९९ च्या पाहणीत घरी शिकणारी सुमारे ८ लाख ५० हजार मुले आढळली. त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त अशा घरांतली होती जिथे आईबाप दोघेही आहेत, पण नोकरी-धंदा एकच जण करतो. दोघेही कमावतात अशा घरांतली मुले साधारण चौथा हिस्सा होती. म्हणजे बिनपगारी दिवसभर घरी राहणारे एक माणूस, बहुतेक ठिकाणी आई, हा त्या सगळ्या डोलाऱ्याचा खांब होता.

ही चळवळ उभी राहत होती त्याच सुमारास नोकरीच्या बाजूनेही काही हलू लागले होते, पण मुलांचा विचार करून नव्हे. म्युनिकजवळच्या, विमाने बनवणाऱ्या एका कंपनीने १९६७ साली कामावर येण्या-जाण्याची वेळ सैल केली, ती रस्त्यावरची गर्दी टाळायला. जॅक निल्स यांनी १९७३ साली दूरस्थ कामाचे, म्हणजे कचेरीत न येता काम करण्याचे, प्रयोग सुरू केले, तेही रहदारी आणि प्रवासाचा खर्च डोळ्यांसमोर ठेवून. पालकांचा उल्लेख कायद्यात यायला पुढचे शतक उजाडले. ब्रिटनने २००३ साली लहान मुलांच्या आईबापांना कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क दिला, २०१४ साली तो सगळ्याच कर्मचाऱ्यांना मिळाला. मागण्याचा हक्क, मिळण्याचा नव्हे.

मग २०२० उजाडले. युनेस्कोच्या मोजदादीप्रमाणे जगातल्या दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा बंद झाल्या आणि आईबाप त्यांच्याच शेजारी कामाला बसले. त्याला होमस्कूलिंग म्हणणे चूक होईल. निवड कुणी केलेली नव्हती, अभ्यासक्रम शाळेचाच होता. तरीही त्या वर्षी अनेकांनी खरोखरच शाळा सोडली. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पाहणीत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण वसंतातल्या ५.४ टक्क्यांवरून शरद ऋतूत ११.१ टक्क्यांवर गेले, आणि प्रश्नात ऑनलाइन शाळा वगळायचे स्पष्ट सांगितलेले होते.

या नव्या घरांतल्या अनेकांच्या नोकऱ्या चालूच राहिल्या. आज ती घरे ज्या वाटा काढतात त्यांत जुन्या काळातले ओळखीचे बरेच काही आहे. आईबाप आळीपाळीने पाळ्या लावतात. तीन-चार कुटुंबे मिळून मुलांना एकत्र बसवतात आणि एकेक दिवस वाटून घेतात. लहानांचा अभ्यास सकाळच्या दीड-दोन तासांत किंवा संध्याकाळी उरकतात, शनिवार-रविवारही धरतात. शिकवणे अशा रीतीने हलवता येते. सांभाळणे हलत नाही, आणि नोकरीचे नियम अडतात ते तिथेच. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचनांत घरून काम म्हणजे मुले सांभाळण्याची पर्यायी सोय नव्हे, असे लिहिलेले आहे. महामारीत त्याला मुरड घालावी लागली. अनेक खासगी कंपन्यांच्या करारांतही याच अर्थाचे कलम असते. घरून काम करता येते एवढ्यावर होमस्कूलिंगचा निर्णय घेणाऱ्यांनी शिक्षणाच्या कायद्याइतक्याच काळजीने आपल्या नेमणुकीच्या पत्रातले हे कलम शोधून वाचावे.