बार्मब्रॅक

बार्मब्रॅक : सुकी फळे घालून भाजलेला आयर्लंडमधील गोडसर पाव. बोलण्यात नुसते ‘ब्रॅक’. हॅलोवीनच्या रात्री (३१ ऑक्टोबर) तो कापण्याची प्रथा प्रसिद्ध असली, तरी आयरिश घरांत तो एरवीही लोणी लावून चहाबरोबर खातात.

नावाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ते आयरिश ‘बारीन ब्रॅक’ या शब्दांवरून आले. ‘बारीन’ म्हणजे लहान पाव. त्याचे मूळ जुन्या आयरिशमधील ‘बार्गेन’ या शब्दात असून वेल्श ‘बारा’ (पाव) हा त्याचा सगोत्र, म्हणजे एकाच मुळातून आलेला शब्द, मानतात. ‘ब्रॅक’ म्हणजे ठिपकेदार. पाव कापला की मनुक्यांचे काळसर ठिपके दिसतात, त्यावरून हे विशेषण. ठिपकेदार ट्राउट माशाचे आयरिश नावही हेच, आणि झुंजुमुंजू होण्यालाही याच शब्दापासून साधलेले नाम वापरतात. दुसरे मत इंग्रजी ‘बार्म’शी, म्हणजे एल (एक प्रकारची बिअर) आंबताना वर येणाऱ्या फेसाशी, नाते जोडते; पूर्वी पाव फुगवण्यासाठी हाच फेस वापरीत. तथापि वेल्समधील अशाच पावाचे ‘बारा ब्रिथ’ हे नावही अर्थाने ‘ठिपकेदार पाव’ असेच आहे. ते पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मधला ‘म’ इंग्रजी शब्दाच्या ओढीने मागाहून शिरला असावा.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडच्या भाषेचे व पुरातन गोष्टींचे अभ्यासक चार्ल्स व्हॅलन्सी यांनी या पावाचा उल्लेख केला आहे, तो मात्र हॅलोवीनचा नव्हे, तर संत ब्रिजिडच्या सणाच्या पूर्वसंध्येचा (३१ जानेवारी). शेतकऱ्यांच्या बायका तो भाजीत व शेजाऱ्यांना बोलावीत. आयरिश भाषेचे मूळ फिनिशियनांपर्यंत (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील प्राचीन लोक) नेणारे व्हॅलन्सींचे सिद्धांत आज कोणी मानीत नाही. पण पाहिलेल्या रिवाजाचे वर्णन ही वेगळी गोष्ट, आणि ते मोलाचे आहे. पावाचा संबंध मुळात एकाच सणाशी नसावा, असे त्यावरून दिसते.

हॅलोवीनच्या ब्रॅकमध्ये अंगठी (वर्षात लग्न), नाणे (संपत्ती), चिंधी (दारिद्र्य), वाटाणा (यंदा लग्न नाही) इ. वस्तू दडवीत. बाजारच्या पावांत आता बहुधा अंगठीच उरली आहे.

घरी दोन प्रकार करतात. यीस्टच्या प्रकारात मैदा, लोणी, दूध व अंडे मळून पीठ एकदा फुगू देतात आणि मगच फळे मिसळतात. साखर पिठातील पाणी ओढून घेते, दालचिनीही यीस्टला मंदावते. त्यामुळे हे पीठ साध्या पावापेक्षा सावकाश फुगते, आणि घाई केल्यास पाव दडस होतो. पूर्वी तो चुलीवर ‘बास्टिबल’ या बिडाच्या भांड्यात, झाकणावरही निखारे ठेवून, वरून-खालून आच देऊन भाजीत.

‘टी ब्रॅक’ यीस्टविना होतो. सुमारे ३५० ग्रॅ. मनुके-बेदाणे ३०० मिलि. कडक कोऱ्या चहात २०० ग्रॅ. तपकिरी साखरेसह रात्रभर भिजवतात. सकाळपर्यंत ते टरारून फुगतात, आणि उरलेला चहा काकवीसारखा गडद होतो. तो ओतून न देता त्यातच २५० ग्रॅ. मैदा, बेकिंग पावडर, एक अंडे व मसाला कालवतात. १७०° से.ला सुमारे सव्वा तास भाजून, सळई कोरडी निघाली की गरम असतानाच वरून साखरेचा पाक फिरवतात. दुसऱ्या दिवशी सालपट मऊ पडते व काप न चुरता निघतात.