हॅश केला तरी नंबर उघडाच

"तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधले नंबर आम्ही साठवत नाही, फक्त त्यांचे हॅश साठवतो." अ‍ॅपच्या प्रायव्हसी पॉलिसीत असं काही वाचलं की माणूस निर्धास्त होतो. तसं होण्याजोगं त्यात फारसं काही नाही.

हॅश म्हणजे मजकुरापासून ठरावीक लांबीची ओळ बनवणारं गणित. त्यातल्या एसएचए-256 या प्रकारात नंबर घातला की 64 अक्षरांची अगम्य ओळ बाहेर पडते. शेवटच्या 7 चा 8 केला तर अख्खी ओळ बदलते. ओळीवरून उलटं गणित करून नंबर काढता येत नाही, हे खरंच. पण उलटं जायचंच कशाला? दहा आकडी नंबर होऊन होऊन किती होणार, तर 1000 कोटी. सगळ्यांचे हॅश काढून ठेवायचे आणि हाती आलेली ओळ त्यात शोधायची. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढतं, म्हणजे काम काही सेकंदांचं. ओळ दिसते 256 बिटांची, पण आतली माहिती जेमतेम 33 बिटांची!

पासवर्डच्या हॅशमध्ये दर खात्याला वेगळा 'सॉल्ट', म्हणजे यादृच्छिक मजकूर, मिसळतात, म्हणून एकच तयार यादी सगळ्यांना लागू पडत नाही. इथे ती सोय नाही. माझ्या फोनमधला तुमचा नंबर आणि तुम्ही नोंदवलेला नंबर यांचे हॅश तंतोतंत जुळले, तरच अ‍ॅप आपली गाठ घालून देणार. म्हणजे सॉल्ट सगळ्यांना एकच. मग वरची यादी तो सॉल्ट घालून पुन्हा बनवली की झालं. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपने म्हणूनच 2017 मध्ये वेगळी वाट धरली. जुळवणी सर्व्हरच्या प्रोसेसरमधल्या बंदिस्त कप्प्यात करायची, जिथे सर्व्हर चालवणाऱ्यालाही डोकावता येऊ नये.

कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये सर्वांत वर 0000 नावाचा खोटा कॉन्टॅक्ट ठेवला की लिस्टमधल्या सगळ्यांना मेल धाडणारा व्हायरस अडतो, हा ईमेलच्या जमान्यातला तोडगा. त्याने काहीही अडत नाही. अडतं ते परवानगी नाकारल्याने. आयफोनवर 2012 पासून आणि अँड्रॉइडवर 2015 पासून अ‍ॅपला कॉन्टॅक्ट वाचण्याआधी तुम्हाला विचारावं लागतं. आयओएस 18 मध्ये तर मोजकेच कॉन्टॅक्ट निवडून देता येतात. अर्थात तुमचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये आहे, त्यांनी 'अलाऊ' दाबलं तर तुमचा इलाज नाही.

आणि एटीएमचा पिन 'सुरेश प्लंबर' अशा नावाखाली दडवला असेल, तर तो आधी काढा. परवानगी मिळालेल्या अ‍ॅपला सुरेशही दिसतो.