जेंटलमन्स ॲग्रीमेंट
जेंटलमन्स ॲग्रीमेंट : अमेरिकेच्या प्रतिष्ठित समाजातील ज्यूद्वेषावरचा गाजलेला चित्रपट (१९४७). दिग्दर्शक एलिया कझान, निर्माता डॅरिल झॅनक, पटकथा मॉस हार्ट. लॉरा हॉबसन यांची त्याच नावाची कादंबरी हा त्याचा आधार. नावाचा अर्थ सभ्य माणसांनी आपापसांत पाळलेला अलिखित करार. त्या काळी तिथल्या अनेक हॉटेलांत, क्लबांत आणि वसाहतींत ज्यूंना थारा नसे. काही ठिकाणी घराच्या खरेदीखतातच तशी अट असे. बाकीच्या ठिकाणी कागदावर काहीच नसे आणि तरी ते सगळ्यांना ठाऊक असे.

फिल ग्रीन (ग्रेगरी पेक) हा विधुर पत्रकार एका साप्ताहिकासाठी ज्यूद्वेषावर लेखमाला लिहायला घेतो. आकडेवारी मांडून काही साधणार नाही हे लक्षात आल्यावर आपण ज्यू आहोत असे तो लोकांना सांगू लागतो. मग त्याच्या मुलाला रस्त्यावरची पोरे शिव्या देतात. रडत आलेल्या मुलाला फिलची वाग्दत्त वधू कॅथी (डोरोथी मॅग्वायर) जवळ घेते आणि समजावते, अरे, तू ज्यू नाहीसच. फिल संतापतो. कॅथीने माया केली खरी, पण त्या मायेतून ‘ज्यू असणे वाईटच’ हे मुलाच्या मनावर ठसले असते. फिलची सेक्रेटरी स्वतः ज्यू आहे. याच साप्ताहिकाने तिच्या मूळ नावाने आलेला अर्ज नाकारला आणि बदललेल्या नावाने आलेला स्वीकारला. तरीही आता ज्यूंना नोकऱ्या मिळणार म्हटल्यावर ‘नको तसले’ ज्यू येतील, अशी धास्ती तिलाच वाटते.

चित्रपटाचे मर्म मात्र उपाहारगृहातील एका संवादात आहे. एका मेजवानीत कुणीतरी ज्यूंवर घाणेरडा विनोद केला, मला शिसारी आली, असे कॅथी फिलचा ज्यू मित्र डेव्ह (जॉन गारफिल्ड) याला सांगते. डेव्ह शांतपणे विचारतो, मग तुम्ही काय केलंत? ती काहीच बोललेली नसते. डेव्ह आवाज चढवत नाही, पुनःपुन्हा तेवढेच विचारतो. गारफिल्डची भूमिका लहान आहे, पण पेकच्या लांब भाषणांपेक्षा हे दोन-चार प्रश्न अधिक खोल रुततात.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि सहायक अभिनेत्री (सेलेस्ट होम) अशी तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्याच वर्षी ज्यूद्वेषातून झालेल्या खुनावरचा ‘क्रॉसफायर’ही स्पर्धेत होता. ‘जेंटलमन्स ॲग्रीमेंट’मध्ये खून नाही, मारेकरी नाही, दोष चांगल्या घरच्या, चांगल्या मनाच्या माणसांच्या गप्प बसण्याचा आहे, आणि हेच त्याचे मोठेपण. उणीवही उघड आहे. नायक ज्यू नाही, सोंग नकोसे झाले की तो ते उतरवू शकतो. युरोपात नुकत्याच झालेल्या ज्यूसंहाराच्या विषयाला चित्रपट हात घालत नाही.

खरेदीखतांतील वंशभेदी अटींची न्यायालयांनी अंमलबजावणी करू नये, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला.

कलावंतांच्या वाट्याला पुढे वेगळाच छळ आला. अमेरिकन संसदेच्या समितीने हॉलिवुडमधील कम्युनिस्टांचा शोध आरंभला होता. फिलच्या आईचे काम करणाऱ्या ॲन रिव्हिअर यांनी १९५१ मध्ये समितीपुढे उत्तरे द्यायचे नाकारले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांना चित्रपटांत काम मिळाले नाही. गारफिल्ड यांनी त्याच वर्षी साक्ष दिली, पण कुणाचे नाव घेतले नाही. त्यांनाही कामे मिळेनाशी झाली. एप्रिल १९५२ मध्ये कझान यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे समितीला दिली. पुढच्याच महिन्यात गारफिल्ड हृदयविकाराने वारले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते.