डीएनएविरोधी प्रतिपिंडे

शरीराने स्वतःच्याच पेशीकेंद्रातल्या डीएनएविरुद्ध तयार केलेली प्रथिने. लुपस या ऑटोइम्यून आजाराची ही सर्वांत ठळक खूण. दुहेरी पेडाच्या डीएनएला घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे निरोगी माणसात क्वचितच सापडतात. एकेरी पेडाच्या डीएनएला चिकटणारी मात्र इतर अनेक आजारांतही असतात, म्हणून निदानात त्यांना फारशी किंमत नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या लॅबच्या रिपोर्टवर दुहेरी पेडाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी 'अँटी-डीएसडीएनए' म्हणून छापून येते.

१९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या हारग्रेव्हज यांना लुपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी दिसली. तिने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेले होते. १९५७ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, अशा रुग्णांच्या रक्तात डीएनएला चिकटणारी प्रतिपिंडे दाखवली. १९६७ मध्ये कॉफलर, कुंकेल आणि सहकाऱ्यांनी लुपसच्या रुग्णांच्या मूत्रपिंडांतून ती वेगळी काढली. ही प्रतिपिंडे आजाराची नुसती निशाणी नसून इजा करण्यात त्यांचाही हात आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

सस्तन प्राण्याचा नुसता डीएनए टोचला तर सहसा प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. मग लुपसमध्ये ती येतात कुठून? आज मान्य असलेले उत्तर मेलेल्या पेशींकडे बोट दाखवते. रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचा कचरा लगेच उचलला जातो. ही साफसफाई रेंगाळली की हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए उघड्यावर राहतो आणि प्रतिकारशक्ती त्याला परका समजते. रक्तातला डीएनए तोडणाऱ्या एका विकराचे जनुक जन्मतःच बिघडलेल्या काही कुटुंबांत लहानपणीच लुपस होतो. या तर्काला याहून बळकट पुरावा शोधून सापडणार नाही.

तयार झालेली प्रतिपिंडे मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. तिथे प्रतिकारशक्तीला मदत करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिने खर्ची पडतात, म्हणून रक्तातली त्यांपैकी सी३ आणि सी४ उतरतात आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. लुपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, बहुतेक ऐन तारुण्यातल्या. ठाण्यात पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट म्हटले की आधी डेंगीच आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण तोच ताप पुन्हा पुन्हा येत असेल, सोबत सांधे आखडत असतील, उन्हात गेल्यावर गालांवर चट्टा उठत असेल, तर लुपसचा विचार व्हायलाच हवा.

तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही. रक्त गोठू देतात आणि वरचा सीरम वापरतात. सर्वांत रुळलेली पद्धत एलायझा. ती स्वस्त आहे, आकडा देते, पण सैल चिकटणारी प्रतिपिंडेही मोजते. 'फार' (Farr) नावाच्या पद्धतीत किरणोत्सारी डीएनए वापरतात आणि फक्त घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे टिकतात. किरणोत्सारी मोजणीचे तंत्र नवी मुंबईला नवे नाही. थायरॉइड संप्रेरके मोजण्याची अशी किट अणुऊर्जा विभागाच्या वाशीतल्या 'ब्रिट' या संस्थेने देशभर पुरवली.

तिसरी पद्धत क्रिथिडिया या एकपेशीय जीवावर चालते, आणि ती पाहण्यासारखी असते. काचपट्टीवर या पेशी पसरलेल्या असतात. त्यांवर पातळ केलेला सीरम आणि मग चमकणारा रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड सोडतात. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीच्या बुडाशी एक लहानसा हिरवा ठिपका उजळला, तर तपासणी पॉझिटिव्ह. हा ठिपका म्हणजे कायनेटोप्लास्ट: दुहेरी पेडाच्या डीएनएचा दाट गोळा, ज्यात हिस्टोन नाहीत. म्हणून हिस्टोनविरोधी प्रतिपिंडे इथे फसवू शकत नाहीत. नुसते केंद्रक उजळले तर ते धरत नाहीत.

एएनए (पेशीकेंद्रातल्या कोणत्याही घटकाविरुद्धची प्रतिपिंडे) आणि डीएसडीएनए या दोन तपासण्यांची गल्लत नेहमी होते. एएनए १:८० या पातळीला (सीरम ८० पट पातळ करून) निरोगी माणसांतही सुमारे १३ टक्क्यांना पॉझिटिव्ह येते. त्यामुळे हेल्थ-चेकअपच्या पॅकेजमध्ये हौसेने केलेल्या एएनएवरून घरात रडारड होणे हा निव्वळ मनस्ताप आहे. उलट डीएसडीएनए निगेटिव्ह आले म्हणून लुपस नाहीच, असेही म्हणता येत नाही. २०१९ च्या युरोपीय-अमेरिकी निकषांत एएनए ही पहिली पायरी आहे, आणि डीएसडीएनएला लुपस ठरवण्यासाठी लागणाऱ्या १० पैकी ६ गुण आहेत. २००३ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात निदानाच्या सरासरी दोन वर्षांहून अधिक आधीच ही प्रतिपिंडे रक्तात दिसली होती. पाठपुराव्यात आकडा शक्यतो एकाच लॅबमधून, एकाच पद्धतीने काढून घ्यावा, आणि सी३, सी४ व लघवीच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचावा. आकडा वाढला पण बाकी सगळे ठीक असेल, तर केवळ त्यावर स्टेरॉइड वाढवणे योग्य नव्हे.

उपचारांचा पाया हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषधच आहे. जर्मनीत एर्लांगन इथे २०२१ पासून काही रुग्णांना कार-टी पेशी (जनुकीय बदल केलेल्या त्यांच्याच टी पेशी) देऊन प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी पुसून टाकल्या, तेव्हा डीएसडीएनए प्रतिपिंडेही नाहीशी झाली. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर (खारघरचे अॅक्ट्रेक त्याचाच भाग) यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या कार-टीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती मात्र रक्ताच्या कर्करोगांसाठी.

प्रयोगशाळेत अशाच प्रकारची प्रतिपिंडे अवजार होतात. ब्रोमोडीऑक्सियुरिडिन (डीएनएचा कृत्रिम घटक) मिसळलेला डीएनए ओळखणारे प्रतिपिंड विभागणाऱ्या पेशी दाखवते, मिथाइल लागलेला सायटोसिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) ओळखणारे प्रतिपिंड जनुके कुठे बंद पडली असावीत याचा माग देते, आणि एस९.६ नावाचे प्रतिपिंड डीएनए-आरएनएच्या जोडपेडाला धरते. मात्र एस९.६ दुहेरी आरएनएलाही काही प्रमाणात चिकटते, म्हणून प्रत्येक प्रयोगात आरएनेझ-एच (अशा जोडपेडातला आरएनए तोडणारे विकर) देऊन खुणा पुसल्या जातात का, हे तपासावेच लागते.