बायोप्सीनंतर रक्त गेलं म्हणजे कॅन्सरच असतो का?

'गर्भाशयाची बायोप्सी केल्यावर रक्त जाऊ लागलं, तर आत कॅन्सर आहे आणि आता तो पसरणार' हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. अशा वेळी भीती वाटणं स्वाभाविक आहे. म्हणूनच या तपासणीत काय होतं ते पाहू.

साधारण ३ मिलिमीटर जाडीची लवचीक प्लास्टिकची नळी गर्भाशयाच्या मुखातून आत सरकवतात. तिच्यातला दांडा मागे ओढला की ओढ निर्माण होते आणि नळी फिरवत मागेपुढे केल्यावर अस्तराचे बारीक तुकडे तिच्यात येतात. हे अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं. पाळीत गळतं ते हेच. ते खरवडलं की थोडं रक्त येतंच, अस्तर निरोगी असलं तरी. निदान होतं ते तुकड्यांतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. त्यामुळे रक्त पाहून घाबरून रिपोर्ट न आणणं, यात खरं नुकसान आहे. या तपासणीमुळे आजार बळावतो असंही आढळलेलं नाही.

घरी ताडून पाहायचं तर पॅड मोजा. काही दिवस, कधी आठवडाभर, लाल किंवा तपकिरी डाग पडणं नेहमीचं आहे. पोटातल्या कळा बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतात. रक्त थांबेपर्यंत टॅम्पॉन आणि शरीरसंबंध टाळा.

तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं सलग दोन तास झालं, ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला, स्रावाला दुर्गंधी आली किंवा दुखणं वाढत चाललं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.