किल्ल्याचा तुरुंग, शेडचं ऑफिस: ठाण्यातल्या जुन्या इमारतींचं दुसरं आयुष्य

कळवा पुलाकडे जाताना मध्यवर्ती कारागृहाची दगडी भिंत लागते. रोज बसच्या खिडकीतून ती बघणाऱ्या कितीतरी ठाणेकरांना आत मुळात किल्ला आहे, हे ठाऊक नसतं. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. काम पुरं व्हायच्या आतच १७३७ मध्ये साष्टी बेटाबरोबर तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. पेशवाई बुडाल्यावर इथे लढायला कोणी उरलं नाही. मग इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला.

वास्तुरचनाकार ज्याला आज 'ॲडॅप्टिव्ह रीयूज' म्हणतात, ते हेच: सांगाडा जुना, काम नवं. शत्रूला बाहेर अडवणारी जाड भिंत कैद्यांना आत अडवायलाही चालते. बुरुजावरून चौफेर नजर राहते. अर्थात भिंत म्हणजे सगळं नव्हे. पेशवाई बुडायच्या आधीच, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते आणि १८१६ मध्ये निसटले. खिडकीखाली घोड्याची निगा राखणारा मोतद्दार गाण्यांतून त्यांना निरोप पोचवायचा, असं सांगतात. पुढे नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खून खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं. हा सगळा इतिहास आज एकाच आवारात आहे, कारण वापर बदलला तेव्हा ते आवार कुणी पाडलं नाही.

या जुन्या रीतीला शास्त्राचं रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. जुन्या वास्तूत किती आणि कसा बदल करावा, याची तत्त्वं १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बुरा सनदेने मांडली. १९८६ मध्ये पॅरिसच्या ओर्से रेल्वे स्टेशनात संग्रहालय उघडलं. अलीकडे त्यात आणखी एक मुद्दा आला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो: सिमेंट, लोखंड आणि विटा तयार करताना जो कार्बन हवेत गेला, तो गेलाच. इमारत पाडली की तोच खर्च पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडे हे वागळे इस्टेटमध्ये बघावं. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, आणि वागळे ही तिच्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. जागेचे भाव चढले, तसे कारखाने हलले किंवा बंद पडले. उंच छताच्या, मधे खांब नसलेल्या शेड मागे राहिल्या. अशी जागा कशालाही चालते: ऑफिस, गोदाम, जिम. एका शेडमधल्या व्यायामशाळेत मी वर पाहिलं, तर माल उचलायच्या क्रेनचा गर्डर जागच्या जागी होता. त्यावर आता ट्यूबलाइट लटकत होत्या.

परवानगी मात्र लागते. १९६६ चा नगररचना कायदा इमारतीच्या वापरातला मोठा बदलही 'विकास'च धरतो. तरी खरी अडचण कागदांची नाही, हिशोबाची आहे. पाडून उंच बांधलं की वाढीव एफएसआयमधून (भूखंडाच्या मानाने किती बांधता येतं, ते प्रमाण) विकायला मजले मिळतात. शेड तशीच वापरली तर एकही मिळत नाही. नौपाड्यातल्या दुमजली घरांचा निकाल याच गणिताने लागतो आहे. वागळेतल्या शेडवरही आता तेच गणित मांडलं जातंय.